चाचांचं ओलं फडकं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टिंगलच केली. धंदा बॅटऱ्यांचा, प्लस-मायनसच्या पलीकडे जगात काही नसतं, असं छातीठोकपणे सांगायचो. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटते...

अकोल्यात रहीमचाचा आणि मी मिळून दुकान चालवायचो. काम त्यांनीच शिकवलं. कापसाची ती वाईट वर्षं. खेड्यांतल्या जीपा महिनोन्‌महिने उभ्या, त्यामुळे बॅटऱ्या मरायच्या. सीलबंद बॅटरीवर काचेचा छोटा डोळा असतो - हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे चार्जिंगला लावा, पांढरा म्हणजे आतलं पाणी संपलं, हात लावू नका. चाचा चार घड्यांचं ओलं फडकं वर टाकल्याशिवाय वायर जोडत नसत.

"सीलबंद हाये म्हनून बेफिकीर नोको राहू, सुधाकर. आतमंदी गॅस असते."

एका दुपारी घाईत मी पांढऱ्या डोळ्याची बॅटरी चार्जिंगला लावली. दिसला होता मला तो डोळा! फडकंही टाकलं नाही. मी जेवायला गेलो, चाचा वायर काढायला वाकले आणि बॅटरी फुटली. त्यांची नजर गेली. "मीच लावली होती," असं ते सगळ्यांना सांगत राहिले, आणि मी गप्प बसलो. दोन वर्षांनी चाचा वारले.

त्यानंतरचा मे महिना. धारणीचं गिऱ्हाईक, जीप सुरू होईना. बॉनेट उघडून, बॅटरीकडे न पाहताच मी केबल आणायला आत गेलो. परत आलो तर बॅटरीवर फडकं... चार घड्यांचं, ओलं, थंडगार! नळाला आठ दिवस पाणी नव्हतं, माठ पालथा.

"मी त हातबी नाई लावला, भाऊ," गिऱ्हाईक म्हणालं.

फडकं उचललं. डोळा पांढरा, बॅटरी फुगलेली.

तशा उन्हात ते पाच मिनिटांत वाळायला हवं. संध्याकाळी चाचीकडे पोचलो तरी हातात ओलंच. रडत रडत सगळं कबूल केलं.

"त्याइले मालूम होतं, बेटा," चाची म्हणाली. "म्हनत, सुधाकर एक दिवस सोताच सांगीन. लय वाट पायली त्याइनं."

खाली पाहिलं, फडकं कोरडं ठक्क.

ते कोणी भिजवलं, आजही सांगता येत नाही. मित्र म्हणतात, घाम असेल. असेल बुवा. पण ती दोन वर्षं मी रोज त्या घरावरून जायचो. ओट्यावर बसलेले चाचा माझ्या गाडीचा आवाज ओळखून हाक मारायचे, "सुधाकर?" आणि मी म्हणायचो, "घाईत आहे, चाचा."