बुधरीबाईच्या बापाचा दगड

बुधरी नरोटेला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या पटांगणात, भांडताना. धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या त्या गावी मी नुकताच शिक्षक म्हणून बदलून आलो होतो. नागपूरहून कोणी साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी मुलींच्या डोक्याला पिसं बांधून, तोंडाला रंग लावून त्यांना फोटोसाठी उभं केलं होतं. एक बाई डोक्यावरची मोळी फाटकातच टाकून आत आली, रांगेतल्या आपल्या पोरीच्या डोक्यावरची पिसं तिने उपटली आणि पदराने पोरीचं तोंड पुसू लागली.

"अहो बाई, कार्यक्रम आहे," हेडमास्तर म्हणाले.

"मंग तुमच्या पोरीले बांधा ना कोंबड्याचे पिसं! माही पोरगी आंग धुऊन, तेल लावून आली शाळेत. तशीच काढा फोटो, नाई त काढूच नोका."

पोरीचं नाव दिव्या, ती चौथीत होती. फोटो तिच्याशिवाय निघाला.

पुढे त्या गावात मी बरीच वर्षं काढली, आणि बुधरीबाईचा राग कुठून येतो ते हळूहळू कळलं. तिचा बाप सुकलू माझ्या देखत गेला. कमी बोलणारा, मुलांना बांबूची पिपाणी करून देणारा म्हातारा. त्या गावात माणूस गेला की त्याच्या कुळाच्या जागेवर, वेशीजवळच्या सालईच्या झाडाखाली, त्याच्या नावाचा दगड उभा करतात. दगड उभा राहिला की माणूस आपल्या पूर्वजांत जाऊन बसला. सुकलूचा दगड झाला नाही. त्याला नाल्यापलीकडे एकट्याला पुरलं. कारण त्याला कूळ नव्हतं. म्हणजे होतं, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरीही नव्हतं.

गोष्ट सुकलूच्या मायची, सुकरीची. नवरा तापाने गेला, तिचं दूध आटलं, आणि अंगावर काही महिन्यांचं पोर. जवळच एका परदेशी मिशनचा दवाखाना होता. त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. तिथे डब्यातलं दूध यायचं, पण ते अनाथ मुलांसाठी. परदेशातल्या लोकांनी अनाथांसाठी पाठवलेलं दूध माय असलेल्या पोराला कसं द्यायचं? सुकरी म्हणाली, हे पोर माझं नाही, मला सापडलं. दवाखाना चालवणाऱ्या मेमसाहेबाला इथली माती उचलून शपथ घ्यायची रीत माहीत झाली होती. तिने गावासमोर सुकरीला माती उचलून तसं सांगायला लावलं. सुकरीने मूठभर माती हातात घेतली आणि पोर आपलं नसल्याचं सांगितलं.

पोराला दूध मिळालं. त्याला सांभाळायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मेमसाहेबाने सुकरीलाच दाई ठेवलं. आपल्याच पोराची ती दाई झाली, आणि चार माणसांत तिने त्याला कधी माय म्हणू दिलं नाही. मिशन गेल्यावर ती त्याला घेऊन गावात परतली. पोराचं नाक बापाच्या कुळाचं, नरोट्यांचं, चाल नरोट्यांची. पण माती उचलून दिलेला शब्द त्या गावात फिरत नाही. आपण किती देवे, म्हणजे किती देव पुजणाऱ्या कुळातले, हे सांगितल्याशिवाय तिथे सोयरीक होत नाही, आणि ते सांगता येईना, म्हणून पुढे बुधरीचं लग्नही जुळेना. शेवटी लांबच्या गावचा एक भला माणूस घरजावई आला. नरोटे हे आडनाव दिव्याच्या शाळेच्या दाखल्यावर तिने माझ्याशी भांडून घातलेलं आहे.

बाप गेल्यापासून ती दरवर्षी कुळातल्या जाणत्याकडे, झिंगूभाऊकडे दगडाची परवानगी मागायला जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची.

मागच्या वर्षी दिव्याने आरमोरीहून आईच्या आणि माझ्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. ती तिथे नर्स आहे. गडचिरोलीत एका संस्थेने जुन्या मिशनच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने जपून ठेवलेले फोटो. त्यात आमच्या गावचा दवाखाना होता. व्हरांड्यात खुर्चीवर मेमसाहेब, खाली पायरीवर पोर घेऊन बसलेली एक बाई.

बुधरीबाईचा मला फोन. "गुरुजी, माही आजी हाये थे! आन खाली का लिवलं, वाचा."

खाली लिहिलं होतं: अनाथ बालक, दाईसोबत.

आम्ही दोघं गेलो. हॉल छान सजवला होता. बंगला, दवाखाना, कौलारू प्रार्थनाघर, छकड्यात बसलेला साहेब, रविवारी जमलेल्या बायका. प्रत्येक साहेबाचं नाव खाली होतं. एका फोटोत साहेबाच्या कुत्र्याचंही नाव होतं. आमच्या माणसांच्या खाली लिहिलं होतं: नोकर. जंगलातली स्त्री. दाई. मी शांत माणूस आहे, वर्गात छडी न उचलता निवृत्त झालो. त्या कुत्र्याचं नाव वाचून माझे कान तापले.

प्रदर्शन लावणारे प्रफुल सर तरुण होते, नम्र होते. "मावशी, मूळ नोंदीत आहे तेच आम्ही लावतो. बदलता येत नाही. काही पुरावा आहे का?"

"पुरावा मी. त्या पोराची पोरगी."

"असू शकेल हो. पण तसं चालत नाही."

"कुत्र्याच्या नावाले कोणता पुरावा घेतला, सर?"

"ते फोटोच्या मागे लिहिलेलं होतं."

"मंग माह्या आजीनं फोटोच्या मागं जाऊन लिवाचं होतं का?"

मी म्हटलं, खाली एक ओळ जोडा, घरच्यांचं म्हणणं असं आहे म्हणून. माझा आवाज चढला होता. लोक वळून पाहू लागले. ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो.

परतीच्या बसमध्ये बुधरीबाईने तिकिटं पदराला बांधली. मग म्हणाली, "झिंगूभाऊ म्हणते, बात खरी हाये, पन माती उचलली. हा म्हणते, बात खरी असन, पन लिवलं हाये. दोघंही एकाच मायचे, गुरुजी!"

त्याच संध्याकाळी ती झिंगूभाऊच्या अंगणात उभी राहिली. मी सोबत होतो.

"भाऊ, माती कोणासाठी उचलली होती आजीनं?"

"मेमसाहेबासाठी."

"ज्याच्यासाठी उचलली त्याले वापस देल्ली, तर सुटते का नाई?"

म्हातारा विचारात पडला. "सुटते. माह्या बापाच्या वक्ती तसं झालं होतं एकदा. पन थे मेमसाहेब कुठी हाये आता? मरून गेली."

"गडचिरोलीत हाये, भिंतीवर. चाला."

"येडी झाली का तू?"

"व्हय. चाला."

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी झिंगूभाऊ काठी टेकत आमच्याबरोबर आला. त्या फोटोसमोर बुधरीबाईने पदराची गाठ सोडली. मिशनच्या पडक्या दवाखान्याच्या दारातली माती तिने आणली होती. ती फरशीवर, फोटोच्या बरोबर खाली ठेवली आणि मोठ्याने बोलली.

"मेमसाहेब, सुकरीनं तुमच्यासाठी माती उचलली होती. तुमच्या दुधानं पोर वाचलं, थे मानतो मी. पन पोर तिचंच होतं. पोटाच्या पोराले माय म्हणू नोको म्हणून सांगाव लागलं तिले! घ्या आपली माती."

"अहो मावशी, हे काय! फरशी..." प्रफुल सर धावले. मागून एक माणूस झाडू घेऊन आला. झिंगूभाऊने काठी आडवी धरली.

"थांब रे. झाडू नोको."

तो फोटोकडे पाहत उभा राहिला. मग त्याने मला विचारलं, "गुरुजी, तुमी लिवले-वाचले. मेमसाहेब नाई म्हणाली का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग घेतली तिनं." तो बुधरीबाईकडे वळला. "दगड पाह्यला का?"

"कव्हाचा पाहून ठेवला," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून रडली. रडतानाही ती प्रफुल सरांना शिव्या देत होती.

माघात सुकलूचा दगड सालईखाली नरोट्यांच्या रांगेत उभा झाला. फोटोखालची ओळ अजून तीच आहे. त्या परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही तीच आहे. मी त्यांना लिहीत असतो, उत्तर येत नाही. जगातल्या कोणालाही तो फोटो उघडता येतो, आणि ज्या पोराची माय त्याला मांडीवर घेऊन बसली आहे त्याला अनाथ म्हणून वाचता येतं. याचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

बापाला नाल्यापलीकडे एकटं सोडून जाणार नाही म्हणून बुधरीबाई इतकी वर्षं लेकीकडे राहायला जात नव्हती. आता ती आरमोरीला दिव्याकडे राहते.