लेक सुपीरियरला निघालेलं बिऱ्हाड

ट्रेलरचं तोंड नेमकं कुठल्या बाजूला असतं, यावर सकाळी सात वाजता आमच्या ड्राइव्हवेत वाद पेटला होता. आईच्या हातात नारळ होता. नवी गाडी आली की तिच्या तोंडापुढे नारळ फोडायचा, एवढं तिला पक्कं माहीत. पण या पांढऱ्या डब्याला ना इंजिन, ना स्टिअरिंग. नवरा म्हणाला, "जिथे तो आपल्या गाडीला जोडतात, तेच तोंड." आई म्हणाली, "तितं आकडा हाय. आकडा म्हंजी शेपूट." आप्पा गवतावर उभे राहून चहा पीत होते. त्यांनी विचारलं, "जनावराला दावं गळ्यात बांधत्यात का शेपटीला?" वाद मिटला. नारळ आकड्यापुढे फुटला, ट्रेलरच्या दोन आणि गाडीच्या चार अशा सहा चाकांखाली सहा लिंबं चिरडली गेली, आणि समोरच्या घरातला शेजारी कुत्र्यासकट थांबून टाळ्या वाजवून गेला.

मी ब्रेकची इंजिनिअर आहे. हे मी कुठल्याही गप्पांत पहिल्या पाच मिनिटांत सांगते आणि मला त्याची लाज वाटत नाही. आईकडचे, आप्पांकडचे, सगळे नातेवाईक धरले तरी कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आप्पा सातवीपर्यंत शिकले, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्या मोजून निवृत्त झाले. आई शाळेत गेलीच नाही. नवऱ्याकडे पुण्यात तीन पिढ्या प्राध्यापक. त्यांच्या घरात डिग्री दात येतात तशी आपोआप येते. आमच्याकडे मी ती ओढून आणली. तेव्हा अमेरिकेत, ट्रॉयमधल्या माझ्या घरी आई-आप्पा आले की मला जरा जास्तच मिरवायचं असतं. हे पाहा माझं घर, हे माझं ऑफिस, हा माझ्या नावाचा पार्किंगचा पास.

पण आईला यातलं काहीच बघायचं नव्हतं. तिला फ्रिजवरचं निळं बघायचं होतं.

आमच्या फ्रिजवर मिशिगनच्या नकाशाचं मॅग्नेट आहे. पहिल्या खेपेला तिनं नातीला विचारलं, हे निळं निळं काय? माझी लेक बारा वर्षांची, आजीशी अर्धं मराठी अर्धं इंग्लिश बोलते. ती म्हणाली, "आजी, दॅट्स द लेक. ओशनसारखा. पण पाणी गोड."

"पल्याडचा काठ?"

"दिसतच नाही."

आईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरगी थापा मारतेय. आई दुष्काळी तालुक्यातली. लग्नाआधी दोन मैलांवरच्या विहिरीवरून, लग्नानंतर टँकरपाशी भांडून पाणी आणलेली. समुद्र तिनं पाहिलेला नाही, पण तो खारट, पिता येत नाही, म्हणून त्याचं तिला अप्रूपही नाही. पण पिण्याचं पाणी, आणि पलीकडचा काठ दिसत नाही? "आसं आसतंय व्हय कुटं!" तीन खेपांत ती हे वाक्य कितीदा म्हणाली असेल याचा हिशेब नाही.

तिला तिथे न्यायचं कसं, हा खरा प्रश्न. आई बाहेरचं शिजवलेलं खात नाही. सकाळची अंघोळ आणि देवपूजा झाल्याशिवाय चूल पेटत नाही, आणि हॉटेलच्या खोलीत चूलच नाही. दोन खेपा अशाच वाया गेल्या. आता ही तिसरी. आप्पांनी आल्याआल्या जाहीर केलं होतं, "आता पुन्हा विमानात बसायचं न्हाई, गुडघं ऐकत न्हाईत." परतीचं तिकीट पुढच्या रविवारचं. म्हणजे या आठवड्यात झालं तर झालं, नाहीतर आईनं ते पाणी फ्रिजवरच पाहिलं असं कायमचं ठरणार होतं.

अशात महाराष्ट्र मंडळातल्या एका निवृत्त डॉक्टर काकांनी ट्रेलर विकायला काढला. हलका, छोटा, पुढे पलंग, मध्ये ओटा आणि संडास, मागच्या भिंतीला एकावर एक दोन बंकबेड. काकू म्हणे त्यांना म्हणाल्या होत्या, "हा डबा किंवा मी." काका मला म्हणाले, "तुझी एसयूव्ही आरामात ओढेल. मागे काही आहे हे विसरून जाशील, यार." सत्तरीच्या माणसानं यार म्हटलं की मी विश्वास ठेवते. स्वयंपाकघर आणि संडास बरोबर घेऊन हिंडणारं घर पाहून आई एकदम खूश झाली. "ह्यात मी दिल्लीलाबी जाईन," ती म्हणाली.

गाडीची कागदपत्रं नवऱ्यानं वाचली. गाडी किती ओढू शकते, आकड्यावर किती भार पडला पाहिजे, सगळ्याचा त्यानं तक्ता केला. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा-पंधरा टक्के भार आकड्यावर हवा, पुढे जड, मागे हलकं, हे मलाही माहीत होतं. तक्त्यात एक ओळ होती: 'किचन, किरकोळ'. ती मी वाचली आणि पुढे गेले. आईला ओळखणारी मी, आणि 'किरकोळ' वाचून पुढे गेले!

तर निघालो. गाडी मी चालवत होते. जूनचं ऊन, हायवे रिकामा, आरशात मागे डुलणारं आमचं पांढरं घर. लेक मागून ओरडत होती, "वी आर गोगलगाय!" आई तिसऱ्या रांगेतून दर दहा मिनिटांनी मागे वळून बघत होती आणि सांगत होती, "हाय. येतंय मागनं." मला इतका आनंद झाला होता की फ्लिंटपर्यंत मी एकटीच गात होते, बेसूर.

सॅगिनॉजवळ एक उंच पूल आहे. त्यावरून उतरताना शेजारून एक लांबलचक ट्रक गेला, आणि आमचं घर नाचायला लागलं. आधी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मग जास्त. मग गाडीची मागची बाजूच कुणीतरी धरून हलवल्यासारखी. नवरा म्हणाला, "ब्रेक! ब्रेक मार!" अशा वेळी गाडीचा ब्रेक मारायचा नसतो, ट्रेलर आणखी झुलतो. ब्रेकवरच माझं पोट भरतं, त्यामुळे कधी मारायचा नाही हेही मला कळतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरलं, आणि डॅशबोर्डखालच्या छोट्या खटक्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेक दाबले. घर एकदा झोकांडलं, दोनदा, आणि ओळीत आलं. पुढच्या एक्झिटला एक ट्रकस्टॉप होता, तिथे मी गाडी नेऊन उभी केली. मला उगाचच हसू येत होतं.

"दॅट वॉज ऑसम," लेक म्हणाली.

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. "परत जाऊ या. काहीतरी गडबड आहे या ट्रेलरमध्ये. आई, आपल्या घराजवळ कितीतरी तळी आहेत, छान आहेत. उद्या तिकडे नेतो."

आईनं पदर सारखा केला. "जावईबापू म्हनतील तसं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ते ऐकणं जास्तच अवघड होतं.

आप्पा खाली उतरले, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. परत येऊन माझ्या खिडकीशी उभे राहिले, ऑफिसात साहेबासमोर उभं राहतात तसे.

"मागं जड हाय त्ये."

"कशावरून, आप्पा?"

"नाक वर हाय की त्याचं. सकाळपास्नं बगतोय. आशी ट्रॉली आली तर मी काट्यावर चढू देत न्हवतो. ट्रॅक्टरचं मागचं टायर उचलतंय."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"तू विंजिनेर. जावई शिकल्यालं. म्हनलं, हितलं शास्तर येगळं आसंल."

मला माझा इतका राग आला की मी दार जोरात आपटून उतरले. मग आम्ही चाकांना अडण्या लावून ट्रेलर गाडीपासून सोडवला. आप्पांनी धोतर खोचल्यासारखी पँट वर ओढली, दोन्ही हात आकड्याच्या दांड्याखाली घातले, आणि हुप्प करून ट्रेलरचं तोंड उचललं. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे खराब, आणि एकट्यानं उचललं! शेजारचा ट्रक ड्रायव्हर, दाढीवाला, कॉफीचा कप घेऊन बघत होता. तो म्हणाला, "होली मोली."

"आता सांग," आप्पा म्हणाले, "ह्येच्यावर भार हाय का?"

ट्रेलरचं दार उघडलं. खालच्या बंकवर गव्हाच्या पिठाची पोती दोन, तांदूळ एक, गूळ, आंब्याच्या पेट्या चार, कुकर तीन, आणि आमच्या बागेतला दगडी फरशीचा तुकडा, ज्यावर आई महिनाभर चटणी वाटत होती. चार दिवसांच्या सहलीला. नवऱ्यानं तक्ता काढला, 'किरकोळ'कडे पाहिलं आणि तक्ता घडी करून खिशात ठेवला.

"पण एवढ्यानं इतकं होणार नाही," मी म्हणाले. मग टाकीचा दर्शक पाहिला. बंकखालची पाण्याची टाकी काठोकाठ भरली होती. ती रिकामी ठेवायचं ठरलं होतं, कॅम्पवर नळ आहे.

"आजी टोल्ड मी," लेक लगेच म्हणाली. "शी सेड वाहेपर्यंत भर."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"बघताय काय?" आई कडाडली. "परगावी पानी न नेता जातंय का कोन? तितं आसंल नसंल, कुनी बगितलंय!"

मी खालीच बसले. पोट दुखेपर्यंत हसले. जगातल्या एवढ्या मोठ्या गोड्या पाण्याकडे आम्ही निघालो होतो, आणि तिथे पाणी नसलं तर, म्हणून आईनं घरून पाणी घेतलं होतं. नवरा हसला, लेक हसली, दाढीवाल्याला काही कळलं नव्हतं तरी तोही हसला. आई सोडून सगळे.

"टाकी सोडावी लागेल, आई."

"सांडायचं?" तिला ते खरंच सहन होईना. "चांगलं पानी मातीत सांडायचं?"

त्यावर तोड तिनंच काढली. पार्किंगच्या कडेला नुकती लावलेली रोपटी होती, उन्हानं मान टाकलेली. "त्यास्नी घाला." मग काय, पातेली, कुकर, बादली, जे हाताला लागेल ते घेऊन आम्ही रांग लावली. दाढीवाल्यानं त्याचा मोठा जग आणला. आई प्रत्येक रोपट्याला आळं करत पुढे जात होती, आणि बसएवढ्या मोटारहोममधून आलेली एक आजीबाईही तिचा डबा घेऊन आमच्यात घुसली. पाऊण तास चाललं. मग पोती पुढे, आंबे पुढे, फरशी थेट पुढच्या पलंगाखाली. दाढीवाल्यानं पिठाचं एक पोतं खांद्यावरून नेलं, त्याला आईनं तीन आंबे दिले. ते कसे खायचे हे लेकीनं त्याला तिथेच करून दाखवलं, दोघांचे शर्ट पिवळे झाले.

आप्पांनी पुन्हा दांड्याखाली हात घातले. नवराही आला. दोघांनी मिळून जोर लावला. हलेना.

"आता झालं," आप्पा म्हणाले. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. ट्रकस्टॉपच्या मागे त्यांना वजनकाटा दिसला होता. एवढा लांब, सपाट, तीन तुकड्यांचा काटा बघून ते आधी नुसतेच कडेनं चालत गेले. ट्रेलर पुन्हा जोडून मी गाडी त्यावर घेतली तेव्हा हातवारे करून मला पुढे-मागे घेणारे आप्पा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. लहानपणी मी त्यांना घरी आलेलेच बघायचे, कामावर कधी नाही. चिठ्ठी हातात आली. प्रत्येक चाकांच्या जोडीचं वजन वेगळं छापलेलं. ती त्यांनी दोनदा वाचली आणि माझ्याकडे देऊन म्हणाले, "बगा, साहेब." मी हिशेब केला. बरोबर होतं. आणि मी त्यांना म्हणाले, "आप्पा, आजपासून ट्रेलरचे साहेब तुम्ही. मी ड्रायव्हर."

त्यानंतर तो डबा एवढा शहाण्यासारखा मागे आला की काय सांगू. ट्रक शेजारून गेले, आम्ही हललो नाही. मॅकिनॉच्या लांब पुलावर वारा होता, ट्रेलरवाल्यांना हळू जायला सांगणारी पाटी होती, मी रांगत रांगत पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना पाणी.

"हेच का गं?" आईनं विचारलं.

"नाही, ही दुसरी दोन आहेत. एकीकडे एक, एकीकडे एक."

"एकून किती हायती?"

"पाच."

"पाच!" ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, स्वतःशीच, "एवढ्याशा मानसांला पाच."

संध्याकाळी उन्हं लांब झाली होती तेव्हा आम्ही कॅम्पग्राउंडच्या अरुंद रस्त्यावर पोचलो. आमची जागा डावीकडे, तिथे ट्रेलर उलटा घालायचा होता. मी निम्मा वळवला, रस्त्याच्या आडवी झाले, आणि झाडांच्या फटीतून ते दिसलं. काठ नव्हता. पाणी आणि मग आकाश.

"थांबीव," आई म्हणाली.

"आई, आधी लावू दे, रस्ता अडलाय..."

ती उतरलीसुद्धा होती. गुडघे आप्पांचे दुखतात, तिचे नाही, हे तेव्हा कळलं. चपला काठावर, लुगडं वर खोचलेलं, ती सरळ पाण्यात गेली आणि थंडीनं एकदम किंचाळली. बर्फच होतं ते. तरी आत गेली. ओंजळ भरली.

"आजी, डोंट! जर्म्स!" लेक ओरडत मागे धावली.

आई प्यायली. आम्ही सगळे काठावर उभे. तिनं पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्यायली, आणि वळून आमच्याकडे बघत, रागावल्यासारख्या आवाजात म्हणाली, "आगं, गोडं हाय की खरंच!"

आणि हसायला लागली. लेकीनं तिच्यावर पाणी उडवलं, तिनं नातीवर उडवलं, आप्पा बुटांसकट आत गेले. माझ्यामागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या, आमच्या गाडीची चारही दारं सताड उघडी होती, आणि कॅम्पग्राउंडची रेंजर बाई लगबगीनं येत विचारत होती, हा रस्त्यात आडवा ट्रेलर कुणाचा आहे. माझा आहे, असं मला तिला सांगायचं होतं. हसण्यामुळे शब्दच फुटेना, म्हणून मी नुसता हात वर केला.