‘विसरते’ असे लिहा

माझ्या कर्वेनगरच्या दवाखान्यात ‘चपला बाहेर काढावे’ अशी पाटी होती. वासंतीबाईंनी पहिल्याच भेटीत पर्समधून लाल पेन काढून ‘काढावे’चे ‘काढाव्यात’ केले आणि मगच आठ वर्षांच्या सईला घेऊन त्या आत आल्या. त्या शाळेत मराठी शिकवत.

लेकीची तक्रार त्यांनी एका वाक्यात सांगितली : “झोपली की ही श्वास घ्यायला विसरते.” मी बालरोगतज्ज्ञ, बाहेर गर्दी होती. केसपेपरवर मी ‘झोपेत घोरते’ असे लिहिले. टॉन्सिल वाढलेले दिसले, म्हणून शस्त्रक्रियेसाठी पाठवून दिले. आईच्या तोंडचा शब्द आपण बदलला, हे मला जाणवलेही नाही.

चार दिवसांनी त्या परत आल्या. संमतिपत्रावर सही केली नव्हती.

“डॉक्टर, हे ‘घोरते’ आपल्याला कोणी सांगितलं?”

“अहो, अर्थ तोच आहे.”

“मग भाषेत दोन क्रियापदं कशाला ठेवली असती? घोरणारा श्वासासाठी धडपडतो. ही शांत पडून असते. छाती हलत नाही, ओठ निळे पडतात. मी हलवलं की घेते. ‘विसरते’ असं लिहा.”

मी चिडलो. आया जरा जास्तच काळजी करतात, असे बोलून गेलो.

“काळजी मी घरी करते. इथे माहिती द्यायला आलेय,” म्हणत त्यांनी वही पुढे केली. दुपारच्या झोपेतले एकेक थांबणे त्यात टिपलेले होते. पर्वती चढल्यावर ओठ निळे, पण धाप नाही. थंडीतही तळवे घामाने चिंब. उन्हात बुबुळातली बाहुली लहान होत नाही. शरीराने न सांगता करायची ही सारी कामे. सईचे शरीर ती करत नव्हते.

मी शस्त्रक्रिया थांबवली. झोपेच्या तपासणीत दिसले की घशातला अडथळा हे कारणच नव्हते. झोप लागली की मेंदूच श्वासाचा हुकूम सोडत नव्हता. पुढे जनुकांतला दुर्मीळ दोष सापडला. हे ठाऊक नसताना भूल दिली असती तर काय झाले असते, हा विचार मला अजून सोडत नाही.

“माझं चुकलं,” मी म्हणालो.

“वाक्य पूर्ण करा. काय चुकलं?”

“आपण सांगितलंत ते मी लिहिलं नाही.”

“आता बरोबर आहे.”

तेव्हापासून सई झोपताना मास्क लावून श्वासयंत्रावर असे आणि बाई शेजारी जाग्या. गेल्या वर्षी सईने नाशिकच्या कॉलेजात प्रवेश घेतला. मी न राहवून बाईंना विचारले, “पुण्यात कॉलेजं कमी आहेत का?”

“पुण्यात आई आहे. तीच अडचण आहे.”

नाशिकला राहून त्यांनी सईच्या खोलीतल्या दोन मुलींकडून मास्क लावणे, यंत्राचा इशारा वाजला की काय करायचे, हे सारे पाठ होईस्तोवर करून घेतले. परतल्या त्या थेट माझ्याकडे, स्वतःचा रक्तदाब तपासायला; मी मुलांचा डॉक्टर असलो तरी. नंबर आला तेव्हा बाकावर बसल्या बसल्या गाढ झोपल्या होत्या. उठवायला निघालेल्या स्वागतिकेला मी खुणेने थांबवले आणि पुढच्या पेशंटना हलक्या आवाजात आत बोलावत राहिलो.

दीड तासाने त्या दचकून उठल्या आणि आधी फोन पाहिला. मग तो माझ्यापुढे धरला. सईचा निरोप होता : ‘दुपारी झोपले होते. आत्ता उठले. भूक लागलीये.’