अक्काच्या पत्रांना भोकं पाडणारे श्रीधरभाऊ

श्रीधरभाऊंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या पुस्तकासाठी इथल्या मराठी मंडळाने माझ्याकडे लेख मागितला. मी चौथी पास. गोड लिहायला कुणी शिकवलं नाही, तेव्हा आहे तसं लिहिते.

इथे परदेशात, पिस्कॅटवेतल्या त्यांच्या छपाईच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. मंडळाच्या आरत्यांची वही बांधणीच्या भोकांशी फाटत होती.

"ही वही आहे की चाळण?"

"बघू, आजी."

"आजी कुणाला म्हणता? तुम्ही काय शाळेत जाता?"

ते हसले आणि सगळ्या वह्या पुन्हा करून दिल्या. तेव्हा त्यांचं काम पाहिलं. आधी गठ्ठा टेबलावर ठोकून कडा सारख्या करायच्या, मग थोडेथोडेच कागद भोकं पाडायच्या यंत्रात सरकवायचे. गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं राहिलं तरी भाऊ जाड गठ्ठा कोंबणार नाहीत. तेव्हापासून मी गठ्ठे ठोकायला जाते. घरी तरी कोण बोलतंय माझ्याशी?

माझी थोरली बहीण, अक्का, तिकडे अकोल्याला असायची. पत्राचा कागद भरला की समासात उभं लिहायची. ती गेली, तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. जाता आलं नाही. तिची पत्रं एकत्र बांधून घ्यावीत म्हणून मी दुकानात नेली.

भाऊ म्हणाले, "समासात मजकूर आहे. कडेला कोरी पट्टी चिकटवू, भोकं पट्टीवर पाडू. थांबा, पट्ट्या आणतो."

मी कुठली थांबते! एक पत्र सरकवलं आणि पायाने पेडल दाबलं. खट्. समासात अक्काने लिहिलं होतं, 'यंदा तरी ये.' त्यातून भोकांची रांग गेली.

भाऊंनी आणलेल्या पट्ट्या बाजूला ठेवल्या. यंत्राखालचा ट्रे काढून वर्तमानपत्रावर पालथा केला. भोकांतून पडलेल्या ढीगभर पांढऱ्या टिकल्यांतून निळ्या शाईच्या तेवढ्या चिमट्याने वेचल्या आणि एकेक जागच्या जागी चिकटवली. दुपार गेली. दुकानाच्या दारावर 'बंद' अशी पाटी.

अक्का दर वर्षी तेच लिहायची आणि मी दर वर्षी 'पुढच्या वर्षी' असं कळवायची. आता विचारणारं कुणी नाही.

एक टिकली मात्र मिळाली नाही. अजूनही ट्रे रिकामा करण्याआधी भाऊ चष्मा वर करून त्यात बोट फिरवतात. मी म्हणते, पुरे आता. ते म्हणतात, असेल इथेच.

तर भाऊ, हात असेच स्थिर राहोत, डोळे शाबूत राहोत, आणि शंभरी ओलांडा. ती टिकली सापडेपर्यंत तुम्हाला कुठेही जायची परवानगी नाही. आणि सापडली, तर मला लगेच सांगू नका.