सगळ्यात आधी ‘वा!’ म्हणणारा

फोन भरला की मी सुप्रभातची फुलं उडवतो, मग व्हिडिओ उडवतो, किस्से मात्र उडता उडत नाहीत. आमचा ग्रुप चार माणसांचा. त्यातल्या तिघांना मी परवापर्यंत डोळ्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं, तरी इतके किस्से साठलेत की सांगायला बसलो तर चहा दोनदा ठेवावा लागेल. आणि बहुतेकांत गाढव मीच!

आधीच सांगून टाकतो, माझे कान चाललेत. डावा गेलाच, उजवा निघालाय. ग्रुपवर मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. आणि ग्रुप कशाचा? गाण्यांचा. हसा आता.

‘गाणं आणि पान’ हे ग्रुपचं नाव. एका जुन्या गाण्याच्या व्हिडिओखाली कमेंट करता करता आम्ही चौघं भांडलो, त्या भांडणातून ग्रुप झाला. शकूताई केमच्या, शाळेतून रिटायर, घर स्टेशनला लागून. मल्लिनाथ दुधनीचा, डाळ मिलवाला, घरात कानडी, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच ‘अय्यो’ येतं. युसूफभाई सोलापूरचेच, आधी रिक्षा चालवायचे, आता घरभर कॅसेटी घेऊन बसलेत. चौथा मी. टॉवेलच्या कारखान्यात चौतीस वर्षं सुपरवायझर होतो, म्हणून सगळे मला ‘सुपरवायझर’च म्हणतात.

रोज एकाची पाळी. त्यानं एक गाणं टाकायचं आणि वाचत असलेल्या पुस्तकाच्या एका पानाचा फोटो. बाकीच्यांनी तासाभरात ऐकून, वाचून दोन ओळी लिहायच्या. नुसता अंगठा चालणार नाही! हा कडक नियम कुणी केला? मीच केला की! तेव्हा कान होते.

चौतीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभा राहिलो. ‘कानात कापूस घाला रे’ म्हणून कामगारांवर ओरडायचो, स्वतः कधी घातला नाही. सुपरवायझर ना मी! घरी येऊन गाणं लावलं की दिवसभराचा खडखडाट धुऊन निघायचा. आता गाणं गेलं आणि खडखडाट राहिला. डोक्यात, चोवीस तास.

*

जुनी गाणी असतात तोवर माझं निभतं. गाण्याचं नाव वाचायचं, ते मनातल्या मनात वाजवायचं आणि सगळ्यात आधी ‘वा!’ ठोकून द्यायचा. कुणाला संशय यायचं कारणच नाही.

एके दिवशी मल्लिनाथची पाळी. त्यानं एका भावगीताचं नाव लिहिलं, खाली रेकॉर्डिंग जोडलं. मी दोन मिनिटांत लिहिलं, ‘वा! काय ठेका आहे! सकाळ सोन्याची झाली!’

शकूताईंचा मेसेज आला, ‘सुपरवायझर, हे गाणं हाय?’

झालं असं होतं की मल्लिनाथच्या मिलची मोटार घरघर करत होती. मिस्त्रीनं तिचा आवाज मागवला होता. गडबडीत मोटार आली ग्रुपवर आणि भावगीत गेलं मिस्त्रीकडं!

‘अय्यो सुपरवायझर, चेष्टा करायलाव व्हय?’ मल्लिनाथ म्हणाला. युसूफभाईंनी लिहिलं, ‘सुपरवायझरसाब को कारखाने की याद आयी!’ सगळ्यांना वाटलं, मी विनोद केला. तेवढ्यात मिस्त्रीचं उत्तर आलं, ते मल्लिनाथनं आम्हाला पाठवलं: ‘शेठ, मोटार लई गोड चाललीय. अजिबात हात लावू नका.’

मीही हसण्याचे चार चेहरे टाकले आणि गॅलरीत जाऊन बसलो. मिस्त्रीनं निदान गाणं ऐकलं तरी होतं.

*

बायको, म्हणजे सुमन, मला धरून कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. तिथं काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. तपासणारी पोरगी खुणा करून म्हणाली, आवाज आला की दाबायचं.

मी ठरवलं, हरायचं नाही. जन्मभर गाणी ऐकलीत, एवढा अंदाज येत नाही होय! जरा थांबून दाबलं. पुन्हा थांबून दाबलं. मग लागोपाठ दोनदा, मग जरा उशिरा. म्हटलं, पैकीच्या पैकी मार्क!

ती पोरगी दार उघडून आत आली आणि माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून ओरडली, ‘काका, मी अजून मशीन चालूच केलं नाही!’

सुमन पदर तोंडाला लावून हसली. रिक्षात मात्र बाहेर बघत बसली, घरापर्यंत माझ्याकडं वळली नाही.

*

डॉक्टर म्हणाला, कानात घालायच्या मशीननं बोलणं कळेल, गाण्याचं मी सांगत नाही. मशीन घेतलं, घरी येऊन कानात बसवलं. सुमन समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, ‘आवं, चाळीस वर्षं मी काय म्हणत होते ते आता तरी ऐका!’

तिचं अर्धं अधिक कळलं. ऐकण्यासारखं होतं, खोटं का बोला.

मग आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि माझं गाणं लावलं. बाविसाव्या वर्षापासूनचं. शब्द ओळखू आले, पण आवाज? स्टीलच्या घमेल्यात चमचा खरवडावा तसा काहीतरी. ती बाई तशी गात नाही हो! मी पाच वेळा लावलं, सहाव्या वेळेला रडलो. त्यात लपवायचं काय? चांगला हुंदके देऊन रडलो. मशीन डबीत गेलं ते गेलं.

पुस्तकं तेवढी राहिलीत. माझ्या पाळीला मी आता दोन-दोन पानं टाकतो. शकूताई विचारतात, ‘गाण्याशी कट्टी हाय का?’

तुम्ही म्हणाल, सांगून टाका की ग्रुपवर! सांगितलं तर काय होतं मला ठाऊक आहे. ‘काळजी घ्या’ असे तीन मेसेज येतील. मग गाणं टाकताना ते तिघं बिचकतील. मग एक दिवस गाणं येणार नाही, दुसऱ्या दिवशी पान येणार नाही. चांगली माणसं अशीच गप्प होतात. आणि माझ्या दिवसात त्या ग्रुपशिवाय दुसरं आहे काय?

*

शकूताई स्वतः गातात. कधी कधी गाणं शोधायचा कंटाळा आला की स्वतःच दोन कडवी म्हणून व्हॉइस मेसेज टाकतात. मध्ये गाडी आली तर थांबतात, गाडी गेली की पुढचं कडवं. हे सगळं मी उजव्या कानानं ऐकलेलं आहे, म्हणून सांगतो.

त्या दिवशी त्यांचा दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज आला. वर नाव नाही, खाली ओळ नाही. मी म्हटलं, गायल्या असणार. लिहिलं, ‘वा वा, शकूताई! काय लागलाय आज आवाज! पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या!’

मग युसूफभाई, ‘सुपरवायझरसाब, ये क्या लिख दिए? तौबा!’

शकूताई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टरमुळं लिहिता येईना, म्हणून बोलून कळवलं होतं बिचारीनं!

मल्लिनाथचा फोन आला. मला एक अक्षर कळेना, म्हणून मी फोन सुमनकडं दिला. ती स्वयंपाकघरात गेली आणि चांगला अर्धा तास बोलत होती. बाहेर आल्यावर मी खुणेनं विचारलं, काय बोललीस? तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, ‘काय न्हाय. तुमचं डोकं फिरलंय म्हणून सांगितलं.’

मी ग्रुपवर हात जोडून माफी मागितली. दोन दिवसांनी शकूताईंनी डाव्या हातानं एकेक अक्षर दाबत उत्तर दिलं, ‘होऊन जाऊ द्या की. दुसरा हात अजून शिल्लक हाय.’

*

त्यानंतर आठच दिवसांत मल्लिनाथनं काढलं, आता भेटायचंच. रविवारी दुपारी, युसूफभाईंच्या घरी. ताप आलाय असं लिहिणार होतो, तर सुमन इस्त्रीचा शर्ट घेऊन समोर उभी.

गेलो. शकूताई मला उंच वाटल्या होत्या, निघाल्या माझ्या खांद्याएवढ्या, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. मल्लिनाथनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. खाताना बोलणं कमी असतं, ते बरं झालं. तिघंही माझ्याकडं तोंड करून सावकाश बोलत होते, त्यामुळं बरंच कळलं.

मग युसूफभाईंनी कपाटातनं जुना डेक काढला, वायर भिंतीत खोचली, कॅसेट घातली आणि डबी मला दाखवली. माझंच गाणं होतं, बाविसाव्या वर्षापासूनचं. ‘आज कोई बोलने का नै,’ ते हातवारे करत म्हणाले, ‘आँखां बंद करके सुनने का!’

मी म्हटलं, वाचलो! डोळे मिटले. आतल्या आत गाणं लावलं, तिच्या खऱ्या आवाजात. मान डोलवायला लागलो. पहिलं कडवं झालं, मधलं संगीत झालं, दुसरं कडवं लागलं, आणि मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. म्हटलं, पंख्याखाली बसून एवढा घाम कसा? एक डोळा जरासा उघडला.

पंखा बंद होता. डेकचा लाल दिवा विझला होता. कॅसेटची चाकं जागच्या जागी थांबली होती. लाइट कधी गेली होती कुणास ठाऊक.

समोर तिघंही डोळे मिटून बसले होते. युसूफभाई मान डोलवत होते. शकूताईंचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता. मल्लिनाथच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता, पण गडी पुसायला तयार नव्हता.

मी गुपचूप डोळा मिटला.