डॉकने न ऐकलेलं नाव

लेलँड स्कार लढाईवर गेला तेव्हा चीज बनवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. विस्कॉन्सिनमधल्या ओस्टबीच्या कारखान्यात तो सोळाव्या वर्षापासून दुधाच्या हौदांपाशी राबत होता. भरतीच्या साहेबाने त्याचे स्वच्छ हात आणि बारीक कापलेली नखं पाहिली आणि त्याला वैद्यकीय पथकात धाडलं. तिथे तो रक्त थांबवायला आणि मॉर्फिन टोचायला शिकला. पुढे पायदळाच्या डिव्हिजनबरोबर बोटीतून फिलिपिन्सला पोचला.

पलटणीत चाळीस माणसं आणि औषधाची पिशवी असलेला हा एकटाच. सगळे त्याला 'डॉक' म्हणायचे. सुरुवातीला त्याला प्रत्येकाचं गाव, बायको, पोरंबाळं ठाऊक होती. मलेरियाच्या कडू गोळ्या तो समोर उभा राहून गिळायला लावी. त्या गोळ्यांनी कातडी पिवळी पडे. सार्जंट पावलिक एकदा म्हणाला, "डॉक, अजून महिनाभर ह्या दे, मग आम्हाला पिकल्या लिंबांच्या झाडावर चढवून ठेव. जपान्यांना पत्ता लागायचा नाही." सगळे हसले. लेलँडही हसला.

तिथल्या लुझॉन बेटाच्या डोंगरात दोन महिने काढले, तेव्हा मूळच्या चाळिसांतले नऊ उरले होते. पावलिक त्याच्या हातांतच गेला. त्यानंतर लेलँडने नव्या माणसांची नावं विचारणं सोडलं. त्यांच्याशी तो 'ए, इकडे ये' एवढंच बोले. डबा उघडला की लांब, पाठ फिरवून जेवायला बसे. माणसं म्हणत, डॉकला शिष्टपणा आलाय.

एप्रिलमधली एक सकाळ. उघड्या उतारावर एकाच्या मांडीत गोळी घुसली. नवाच आलेला, तिशी ओलांडलेला माणूस. लेलँड सरपटत त्याच्यापाशी गेला आणि जखमेत मूठ दाबून धरली. वरच्या गुहांमधून गोळ्या येत होत्या. मान वर काढायची सोय नव्हती. दोघे तसेच सहा तास पडून राहिले.

माणूस बोलत राहिला. डुलुथमध्ये त्याचं केस कापायचं दुकान होतं. बायको व्हेरा, दोन जुळ्या मुली. दुपारी त्याने विचारलं, "डॉक, माझं नाव काय?"

"बोलू नकोस. दम लागेल."

"तीनदा सांगितलंय तुला. बरं, चौथ्यांदा सांगतो."

"नको," लेलँड म्हणाला. "सांगू नकोस."

माणसाने तोंड पलीकडे वळवलं. नंतर आडोशाला धुराचे गोळे टाकून स्ट्रेचर आलं, तोवर तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या अंगावर बांधायची नावाची चिठ्ठीही लेलँडने स्ट्रेचरवाल्यालाच लिहायला सांगितली.

लढाई संपली. लेलँड परत हौदांपाशी उभा राहिला. लग्न केलं नाही, बहिणीकडे मागच्या खोलीत राहिला. शेजारच्या कुणाचं बोट कापलं आणि ते त्याच्याकडे आले, तर तो म्हणे, "डॉक्टरकडे जा."

आठ वर्षांनी एक माणूस पत्ता काढत, काठी टेकत कारखान्यात आला. लेलँड हौद धूत होता. "डॉक," तो म्हणाला. लेलँडने ओळखलं नाही. त्या दिवशी त्याची नजर जखमेवर आणि गुहांवर होती, चेहरा त्याने पाहिलाच नव्हता. माणसाने मांडीवर हात ठेवला, तेव्हा कुठे कळलं.

"एमिल राउटिओ," माणूस म्हणाला. "आता ऐकून घेतलंस ना?"

दोघे पायरीवर कॉफी घेऊन बसले. एमिल म्हणाला, "मला वाटलं, तू मला मेल्यातच जमा धरलं होतंस. म्हणून नाव नको म्हणालास."

"मेलेल्यांचीच नावं मला येत होती," लेलँड म्हणाला. "एकतीस. त्यांत तुझं नको होतं."

एमिलने कॉफी खाली ठेवली. जाताना म्हणाला, डुलुथला ये, व्हेराला तुला बघायचंय.

दर नाताळला त्याचं कार्ड येई, तेच आमंत्रण घेऊन. लेलँड दोन ओळी उत्तर लिही. एका उन्हाळ्यात मात्र बहिणीने सदरा इस्त्री करून दिला, चीजचा डबा बांधून दिला, आणि तो खरंच बसमध्ये बसला. वाटेत ओ क्लेअर गावाला बस थांबली, तसा खाली उतरला. बाकावर बसून राहिला. बस त्याच्यासमोरून निघून गेली. संध्याकाळच्या गाडीने तो ओस्टबीला परतला. एमिलला त्याने कळवलं की तब्येत बरी नव्हती. डबा बहिणीने दुसऱ्या दिवशी टपालाने पाठवला.