उतारावर बंद इंजिन

पहाडात लष्कराचा ट्रक चालवायला मी हवालदार वामन डोंगरे यांच्या हाताखाली शिकलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पहाटे साडेचारला उठायचं, तेल, पाणी, टायर तपासायचे आणि सहाला ट्रकांचा कॉन्व्हॉय निघायचा. घाट उतरताना इंजिन चालू आणि गाडी खालच्या गिअरमध्ये, हा हुकूम उस्ताद सगळ्यांकडून काटेकोर पाळून घेत. स्वतः मात्र कॅम्पजवळचा शेवटचा सौम्य उतार आला, की इंजिन बंद करून ट्रक नुसता घरंगळू देत. खाली पोचल्यावर गिअर टाकून क्लच सोडला, की त्या झटक्यानं इंजिन पुन्हा सुरू. तेवढंच डिझेल वाचतं म्हणे. साहेबांनी त्यासाठी दोनदा झापलं. आम्ही त्यांना पाठीमागे 'थेंबू' म्हणायचो आणि ते त्यांना ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघंही जबलपुरात स्थायिक झालो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं त्यांना ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली. क्लच नसलेली गाडी काही त्यांच्या पचनी पडली नाही. डाव्या पायाला पेन्शन मिळाली, असं ते सांगत. दर रविवारी मी को-ड्रायव्हर म्हणून शेजारी बसायचो. खरं कारण गप्पा.

गेल्या हिवाळ्यातला असाच एक रविवार. सकाळचे नऊ चाळीस. भेडाघाटहून परतत होतो. मागच्या सीटवर काकू, म्हणजे उस्तादांच्या पत्नी, शिंगाडे सोलत होत्या. लांब उतार लागला आणि उस्तादांनी किल्ली एक घर मागे फिरवली. इंजिन गप्प झालं. ही गाडी त्यातली नाही, असं मी म्हणालो. ते नुसते हसले.

खाली विटांची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा आला आणि तिथंच अडकला. उस्तादांनी ब्रेक दाबला. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा कमी लागला, तिसऱ्यांदा पेडल दगड झालं. इंजिन बंद असलं की ब्रेकची ताकदही जाते. स्टिअरिंग जड झालं. उस्तादांनी सवयीप्रमाणे किल्ली पुढे केली आणि झटक्याची वाट पाहिली. ऑटोमॅटिक गाडी अशा झटक्यानं सुरू होत नाही; आधी न्यूट्रलमध्ये टाकून किल्लीनंच सुरू करावी लागते. त्यांचा डावा पाय खाली क्लच शोधत होता.

आयुष्यात पहिल्यांदा मी उस्तादांना हुकूम दिला.

"न्यूट्रल."

"न्यूट्रल," त्यांनी परेडवर द्यावं तसं उत्तर दिलं.

"स्टार्ट. ब्रेक."

इंजिन लागलं, ब्रेक लागला, हँडब्रेक मी ओढला. ट्रॉलीपासून हातभर अलीकडे गाडी थांबली. शिंगाडे सगळीकडे सांडले होते.

काकूंनी पदरातली सालं झटकली. मग म्हणाल्या, "काहून करता हो असं? घोटभर पेट्रोल वाचवून काय करून राहिले तुम्ही?"

गाडी कडेला घेऊन उस्ताद खाली उतरले आणि दगडावर बसले. तिथं त्यांनी जे सांगितलं ते काकूंनीही कधी ऐकलं नव्हतं. मी युनिटमध्ये येण्याआधीच्या हिवाळ्यात लान्सनायक जगतराम त्यांच्या कॉन्व्हॉयची शेवटची गाडी चालवत होता. निघायच्या सकाळी डिझेलला रांग होती, वर आभाळ भरलेलं. जगतरामची टाकी अर्धीही नव्हती. उस्ताद त्याला म्हणाले, थांबू नको, पुढे उतारच आहे, पुरेल. तासाभरात दोघांच्या मधे हिमकडा कोसळला. जगतराम पलीकडे एकटा अडकला. तिथल्या थंडीत केबिनमध्ये ऊब हवी तर इंजिन चालू ठेवावं लागतं. दोन दिवस दोघं रेडिओवर बोलत राहिले. दुसऱ्या दुपारी तिकडून आवाज आला, "उस्ताद, डीज़ल खतम. ओवर." ओवर म्हणजे आता तू बोल; उस्ताद रात्रभर हाक देत होते. पुन्हा उत्तर आलं नाही.

"तेव्हापासून टाकीत थोडं जास्त उरावं, असंच वाटून राहिलं," ते म्हणाले.

त्यांना थेंबू म्हटल्याची मला फार लाज वाटली आणि मी ती बोलून दाखवली. नाव काही वाईट नव्हतं, असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. या माणसावर माझा जीव का आहे, हे मला कुणी विचारू नये.

पुढे गाडी मी चालवली. पहिल्याच पंपावर त्यांनी थांबायला सांगितलं आणि आम्ही दोघं उतरलो. काटा निम्म्याच्या वर होता. "फुल कर दो भैया," असं सांगून ते नळीपाशी ताठ उभे राहिले. टाकी काठोकाठ भरली. पंपवाल्यानं झाकण लावलं, तरी ते हलले नाहीत.

"जगतराम," ते हळूच म्हणाले, "टंकी फुल. ओवर."

मी आत येऊन बसलो. ते येईपर्यंत गाडी सुरू केली नाही.